खंडोबाचा घोडा आणि माझं पहिलं शील

अहो, थंडीत माशा मिळत नाहीत, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. बाकी सगळं सांगितलंत. बरणी किती उंच हवी, पाणी कसं फवारायचं, कात टाकताना बरणीला बोटसुद्धा का लावायचं नाही. मी भाजी निवडत असायचे, माझं लक्ष नसायचं, तरी तुमचं चालूच. आणि नेमकं जे लागणार होतं तेवढं राहून गेलं. गॅसचं बुकिंग कुठल्या नंबरवरून करायचं तेही राहिलंय, पण ते शेजारी विचारता येतं. माशांचं कुणाला विचारू?

तुम्ही गेलात त्याला अजून महिना झालेला नाही. लोक येतात, फोटोसमोर हात जोडतात, चहा घेतात आणि हळू आवाजात विचारतात, शेवटी फार त्रास झाला का? मी म्हणते, झाला. खोटं कशाला बोलू? मग त्यांची नजर गॅलरीकडे जाते. तिथे जाळीचं झाकण लावलेल्या उंच बरणीत बोटाएवढी हिरवी बाई पुढचे पाय दुमडून उलटी लटकलेली असते. तुमच्याबद्दलचं बोलणं तिथेच थांबतं. हे काय, म्हणून विचारतात. मी सांगते, ही मॅडम. ह्यांची मॅडम. मँटिस म्हणतात, प्रार्थनाकीटक. हात जोडल्यासारखे पाय धरते म्हणून तसं नाव पडलं, प्रार्थना वगैरे काही करत नाही. बायका दोन पावलं मागे सरतात. पुरुष जवळ जाऊन काचेवर टकटक करतात, आणि मी त्यांना तुमच्या आवाजात ओरडते.

सुरुवात कळवणला झाली. तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षी आपण तुमच्या बहिणीकडे, कमलताईंकडे गेलो होतो. त्यांच्या घरामागे घाणेरीचं कुंपण आहे. सकाळी दात घासत तुम्ही तिथे गेलात आणि तोंडात ब्रश तसाच ठेवून उभे राहिलात. चहा गार झाला तरी हलेनात. मला वाटलं साप दिसला. कमलताई बघून आल्या आणि म्हणाल्या, "वैनी, काय नाय, खंडोबाचा घोडा हाय. दादा येडा झालाय, त्याच्याशी बोलतोय."

येताना एसटीत फरसाणाची रिकामी बरणी मांडीवर घेऊन बसलात. द्वारका चौकात उतरून रिक्षात बसेपर्यंत झाकणावरचा हात काढला नाहीत. मी वाटेत म्हटलं, आपल्या घरात खंडोबाचा घोडा? विहारातल्या बायका काय म्हणतील? तुम्ही म्हणालात, "खंडोबाला तिकडेच ठेवलाय, घोडा तेवढा आणलाय. त्याचंही धर्मांतर करून टाकू." मागच्या सीटवरची माणसं हसली. मला हसू आलं होतं, पण मी खिडकीकडे तोंड केलं. जन्मभर कचेरीत पाटबंधाऱ्यांच्या फायली वर-खाली करणारा माणूस निवृत्तीनंतर विहाराच्या कामाला लागेल, अशी माझी आशा होती. आपण दोघं मिळून रविवारी जाऊ, मी मुलांना वंदना शिकवते तसं तुम्हीही काहीतरी शिकवाल. तुम्ही किडे धरलेत.

तो पहिला आपल्या अज्ञानानं मेला, असं तुम्ही म्हणायचात. त्यातला 'आपल्या' हा शब्द मला तेव्हाही मान्य नव्हता. बरणी बुटकी होती आणि झाकण आतून गुळगुळीत. कात टाकताना त्याला वरून उलटं लटकावं लागतं आणि खाली त्याच्या लांबीच्या दुप्पट-तिप्पट मोकळी जागा लागते, म्हणजे जुन्या कातडीतून तो अलगद खाली घसरत बाहेर येतो. त्याला पाय रोवायला जागाच नव्हती. अर्धा बाहेर आला, खाली पडला आणि तसाच वाळला. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. किड्यासाठी उपास धरलात का, असं मी विचारलं. "उपास नाही. भूक नाही," म्हणालात आणि ताट सरकवलंत.

दुसऱ्या दिवशी बाजारातून उंच बरण्या आल्या. झाकणं कापून त्यांना मच्छरदाणीची जाळी लागली. माझी चांगली मच्छरदाणी गेली त्यात.

आता घरी येणारी मंडळी मला विचारतात, हे पाळायचं म्हणजे करायचं काय. सांत्वनाला आलेल्या माणसाला दुसरं काय बोलावं ते कळत नसतं. आणि मीही सांगत बसते, हे बघून आपल्या सुमेधला नवल वाटतं. मी सांगते, पावसाळा सरत आला की घाणेरीच्या कुंपणात, उंच गवतात, झेंडूच्या वाफ्यात बघा. घाईनं बघू नका, पान हललं नाही तरी जे पान जरा वेगळं वाटतं ते तो. फवारणी झालेल्या शेतातला आणू नका. मखमलाबादकडून आणलेला एक असाच थरथरत मेला होता. हिवाळ्यात काडीला चिकटलेला वाळक्या फेसाचा बोराएवढा गोळा दिसला तर ती त्याची अंडी. काडीसकट आणा. पिल्लं मुंग्यांएवढी निघतात आणि एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळा कप द्या, वर मलमलचं फडकं लावा. पाणी वाटीत ठेवू नका, बुडतात. बरणीच्या भिंतीवर बारीक फवारा द्या, थेंब चाटून घेतात. खायला जिवंत लागतं आणि त्याच्यापेक्षा लहान लागतं. पिल्लांना कुजक्या केळ्यावरची चिलटं, मोठ्यांना माशा, झुरळाचं पिल्लू. खायचं सोडलं आणि पाठ फुगली की समजा कात टाकणार. मग बरणीत जिवंत काही ठेवू नका, तेच त्याला कुरतडतं. आणि हात लावू नका. फक्त थांबा.

हे सगळं तुमचं बोलणं आहे. माझं त्यात केळं. चिलटांच्या बरणीसाठी केळी काळी पडू द्यायची, हे मी मुकाट्यानं करत आले. स्वयंपाकघरात तो आंबूस वास कायमचा बसला. पण आपलं खरं भांडण वासावरून नव्हतंच.

मी रविवारी सकाळी विहारात जायचे, त्रिसरण-पंचशील घ्यायचे आणि घरी यावं तर तुम्ही चिमट्यात जिवंत माशी धरून गॅलरीत उभे. पहिलंच शील जीवहिंसेपासून दूर राहण्याचं. मी तोंडानं म्हणून यायचे तोवर तुम्ही हातानं मोडलेलं असायचं. हे मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं. तुम्ही काय म्हणालात? "आणि दुपारी मटणाचा रस्सा ओरपताना तुझं शील कुठे जातं?"

मी म्हटलं, ते मी मारलेलं नाही, मारताना पाहिलेलं नाही, माझ्यासाठी मारलेलं नाही. त्यात दोष नाही.

"मग खाटीक रविवारी सकाळी कोणासाठी मारतो? हौस म्हणून?"

"तुम्ही विषय बदलू नका."

"बदलत नाही. मी तरी कुठे मारतो? मारते ती. मी नुसता वाढपी."

"वाढप्याच्या हातालाही लागतं," मी म्हटलं.

वर्षानुवर्षं हेच. कधी रागानं, कधी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता. एकदा तुम्ही मला हरवायचा वेगळाच घाट घातलात. रविवारच्या कोंबडीतला तांदळाएवढा कच्चा तुकडा घेतलात, शिवणाच्या दोऱ्याला बांधलात आणि त्या वेळच्या मँटिससमोर हलवत बसलात. हललं की त्याला जिवंत वाटतं. त्यानं झडप घातली आणि खाल्लं. तुम्ही मला हाक मारलीत, "मंगल, ये बघ. बौद्ध मँटिस. ह्याच्यासाठी मारलेलं नाही, ह्यानं मारताना पाहिलेलं नाही." मी पिठाचे हात घेऊन आले होते आणि तशीच उभी राहून हसले. तो पावसाळा आणि पुढचा हिवाळा बरा गेला. माझं शीलही जरा उसंत घेत होतं.

मॅडम आली तेव्हा तुमचा घास अडकायला लागला होता. कालव्याच्या काठावरून तुम्ही तिला आणलंत, नखाएवढी होती. पहिल्या दिवसापासून तिची मिजास मोठी, म्हणून मॅडम. तुमच्या कचेरीत शेवटी शेवटी एक साहेबीण होत्या, त्यांच्यासारखी मान फिरवते म्हणालात. कोंबडीचा तुकडा तिनं धरला, चावला आणि टाकून दिला. पुन्हा दिला, पुन्हा टाकला. "ही जिवंतच खाणार," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे बघणं टाळलंत. त्याच आठवड्यात तुमच्या घशात भाकरी अडकली, मग भातही अडकू लागला, आणि डॉक्टरांनी नळी घालून आत बघितलं. अन्ननलिकेत गाठ होती.

बाकीची माणसं अशा वेळी नवस बोलतात. आपल्याकडे नवस करायलाही कुणी नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा टोचलं. शेजारणीनं कुठल्या कुठल्या देवाचा अंगारा आणला, मी तो हातात घेतला आणि कुंडीत टाकला. टाकताना हात जड झाला होता, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

औषधांनी तुमचे हात कापायला लागले. पहिल्यांदा दवाखान्यातून घरी आलात, चपलाही न काढता गॅलरीत गेलात. मॅडम दिसेना म्हणून झाकण उचललंत. ती झाकणाच्याच जाळीला लटकून कात टाकत होती. शेवटची कात, पंखांची. तुमचा हात थरथरला आणि ती खाली पडली. जगाला शिकवलंत हात लावू नका, आणि स्वतः लावलात. उजवा पुढचा पाय वाकडा वाळला, एक पंख दुमडलेलाच राहिला. तुम्ही स्टुलावर बसलात. मी म्हटलं, पुढच्या कातीला सुधारेल, तुम्हीच सांगता ना, लहानपणी मोडलेला पाय पुढच्या कातीत नीट होतो.

"आता पुढची कात नाही," तुम्ही म्हणालात. "पंख आले की कात टाकणं संपलं. जे मोडलं ते मोडलं."

"आणि पंख आल्यावर खाणं सोडलं तर?"

"मग सोडलं."

तेव्हापासून तिला तुम्ही हातानं भरवू लागलात. एका पायानं तिला माशी धरता येईना, म्हणून आधी माशीचे पंख काढायचे, चिमट्यात धरायची आणि थेट तिच्या तोंडाशी न्यायची. आता वाढपी म्हणायची सोय राहिली नाही. तुम्हीही म्हटलं नाहीत, मीही भांडले नाही. तुम्हाला स्वतःला पेजेचे चार चमचे जात नव्हते, आणि तुम्ही चष्मा लावून तिला भरवायचात. मी दारातून बघायचे आणि आत जायचे. मध्ये तिनं जाळीवर फेसाचा गोळा घातला. मला उगीच बरं वाटलं. तुम्ही म्हणालात, तिला नर भेटलेला नाही, त्यातून काही निघायचं नाही.

दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत तुम्ही तोंडच मिटून घेतलंत. डॉक्टर म्हणाले, जेवढं जाईल तेवढं द्या. मी डाळीचं पाणी घेऊन बसायचे. चमचा ओठाला लावला की मान फिरवायचात. मी रागावले. शाळेत शिकवायचे तेव्हा पोरांना रागवायचे तसं रागावले, तोंड उघडा म्हटलं. तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "मंगल, कात टाकायची वेळ आली की खाणं सोडतात. हात लावू नये."

आणि हसलात. ते तुमचं थट्टेचं हसू मला ओळखू येतं. मी चमचा वाटीत ठेवला. तुमचे पंख केव्हाच आले होते, पुढची कात नव्हती, हे तुम्हाला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. माझी समजूत काढायला तुम्हाला माझ्याच कानांवरून गेलेली गोष्ट मिळाली, आणि मला ती अर्धीच आठवत असेल असं तुम्हाला वाटलं. मी तुमचं सगळं ऐकत होते हो. इतकी वर्षं भाजी निवडत सगळं ऐकत होते. त्या क्षणी तेवढंच सांगावंसं वाटलं, पण नर्स सलाइन बदलायला आली आणि मी उठून बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "तिला बाहेर सोडू नकोस. एका पायानं तिला काही धरता येणार नाही." मी चादर नीट करत होते. चादर आधीच नीट होती. हो म्हटलं नाही. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत, आणि मग विचारण्यासारखी अवस्था राहिली नाही.

तुम्हाला नेऊन आलो त्या संध्याकाळी सुमेध गॅलरीत गेला. त्यानंच मधल्या दिवसांत तिला सांभाळलं होतं, पाणी फवारलं होतं, दुकानातून कसलेसे किडे आणून भरवले होते, तेही आता दुकानात उरले नव्हते. पोरगा पुण्याहून आला तेव्हापासून नीट झोपला नव्हता. म्हणाला, "आई, ह्या बरणीचं आता काय करायचं? बागेत सोडून दे तिला. निसर्ग बघून घेईल."

"निसर्ग काय बघणार? मुंग्या बघतील," मी म्हटलं.

"मग राहू दे तशीच. किती दिवस जगणार आहे?"

"उपाशी?"

त्याचं चुकत नव्हतं. मी बसून विचार केला. बाहेर सोडावी तर मी तिला मारलं. बरणीत तशीच ठेवावी तरी मीच मारलं. भरवावी तर रोज एक जीव माझ्या हातानं जाणार. आयुष्यभर मी मुलांना शिकवत आले की शील पाळायचं मनात असेल तर वाट सापडते. मुलांना शिकवणं सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुमेध तुमची कागदपत्रं करायला बाहेर पडला, कमलताई आतल्या खोलीत निजल्या होत्या. मी झाकण असलेली लहान बरणी घेतली आणि बाहेर पडले. कॉलनीत माशी नाही. थंडी अशी की सकाळी नळाला हात लावावासा वाटत नाही, माशा कुठून येणार? चिलटांची बरणी दवाखान्याच्या धावपळीत केव्हाच वाळून गेली होती. रिक्षा केली आणि पंचवटीत भाजीबाजारात गेले. तुम्ही तिथेच जायचात ना? सडका माल टाकतात त्या कोपऱ्याला उभी राहिले. रामकुंडाकडून मुंडण केलेली माणसं ओल्या धोतरांनी येत होती, त्यांच्याकडेही कुणीतरी गेलं होतं. त्यांना काय करायचं ते गुरुजींनी सांगितलेलं होतं. मी पांढरी साडी नेसून टोमॅटोच्या चिखलावर बरणी उपडी घालत होते.

भाजीवालीनं थोडा वेळ बघितलं. मग म्हणाली, "मावशी, माशा कशाला धरता?"

"घरी एक आहे. तिला लागतात."

"एक काका यायचे असेच, बरणी घेऊन. चष्मेवाले. तुमच्या घरचे का?"

मी मान हलवली. तिनं माझ्या साडीकडे, कपाळाकडे बघितलं आणि पुढचं विचारलं नाही. "तिथं गार जागंत नाय बसत त्या. गुळाच्या दुकानापाशी जा, उन्हात. तिथं लय असत्यात," म्हणाली. आणि मी निघाले तेव्हा मागून म्हणाली, "चांगले होते हो काका. सडकी भाजी मागायचे आणि नुस्ती कधी न्यायचे नाय, ताजी पण घ्यायचे." म्हणून आपल्याकडे आठवड्यात तीन-तीनदा वांगी असायची, हे मला तिथे कळलं. मी तुमच्या नावानं किती बोटं मोडली होती त्या वांग्यांवरून.

घरी आले. चिमटा घेतला. माशीचे पंख कसे काढतात ते मी शंभरदा बघितलं होतं. बघणं वेगळं. ती माझ्या बोटात गुणगुणत होती, ते बोटाला जाणवतं, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. पहिला पंख निघाला. दुसरा काढला. मॅडमच्या तोंडाशी नेली, तिनं मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि डाव्या पायानं घेतली. डोक्यापासून खायला सुरुवात केली. चावण्याचा बारीक आवाज येतो, तोही मी पहिल्यांदाच ऐकला. मी तिथेच तुमच्या स्टुलावर बसून रडले. तुम्हाला नेलं तेव्हा मी रडले नव्हते, लोक म्हणत होते मंगलताईंचं मन घट्ट आहे.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी विहारातले भन्ते घरी आले, तयारी बघायला. सगळे आत असताना मी त्यांना गॅलरीत नेलं आणि बरणी दाखवली. सगळं सांगितलं. माशांचं, पंखांचं, पायाचं, तुम्ही चादरीपाशी म्हणालात त्याचंही. ते तरुण आहेत, तुम्ही त्यांना भन्तेजी आणि मंगलचे विद्यार्थी एकाच दमात म्हणायचात. त्यांनी वाकून मॅडमकडे बघितलं.

"ताई, मी काय सांगू?" म्हणाले. "शील ही आज्ञा नाही, शिकण्याचं पाऊल आहे. चुकतो, म्हणून तर पुन्हा पुन्हा घेतो आपण. उद्या घ्या, पुढे जमेल तसं पाळा."

"पण मला माहीत आहे मी परवा काय करणार आहे," मी म्हटलं. "रात्रीतून सुधारेन असं वाटत असतं तर घेतलं असतं. मी सकाळी उठून माशी धरणार आहे."

जाताना ते एवढंच म्हणाले, उद्या शील ज्याचं त्यानं म्हणायचं असतं.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. जागा पुरेना म्हणून जिन्यातही सतरंज्या टाकल्या. तुमच्या कचेरीतली माणसं आली होती, विहारातल्या सगळ्या बायका आल्या होत्या. सकाळी मंडळी यायच्या आत मी मॅडमला भरवलं आणि साबणानं दोनदा हात धुतले. मेणबत्त्या लावल्या, फुलं वाहिली. सुमेधनं तुमच्या नावानं पाणी ओतलं, ताट भरून वाहिलं.

त्याआधी भन्त्यांनी त्रिसरण दिलं. मग पंचशील सुरू केलं. ह्या कॉलनीत पंचशील म्हणताना माझा आवाज सगळ्यांच्या वर असतो, तुम्ही म्हणायचात कुत्री भुंकायची थांबतात. भन्त्यांनी पहिलं शील म्हटलं आणि सगळ्या घरानं मागून म्हटलं. मी म्हटलं नाही. हात जोडलेले ठेवले आणि ओठ मिटले. तुमच्यासमोर आणि बुद्धांसमोर, एका दिवसात मोडायचं ठरवून मी ते घेऊ शकले नाही. माझा आवाज नाही म्हटल्यावर बायका गोंधळल्या, शेवटचे शब्द कुजबुजल्यासारखे झाले. कमलताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "वैनी, रडू नका, हाय ना आम्ही." सगळ्यांना वाटलं मला हुंदका आला. भन्त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दुसरं शील म्हटलं. ते मी घेतलं. तिसरं, चौथं, पाचवं, सगळी घेतली, नेहमीच्या आवाजात.

तुम्ही असता तर संध्याकाळी विचारलं असतंत, मग जिंकलं कोण? कुणीच नाही. मी अजूनही म्हणते की तुमचं चुकत होतं. जीव तो जीव, माशीचाही. रोज सकाळी चिमटा हातात घेतला की ते मला जास्तच पटतं. तुम्हाला हे तोंडावर सांगायला मला फार आवडलं असतं, कारण आता मला माशीबद्दल तुमच्याहून जास्त माहिती आहे आणि तुमच्याकडे उत्तर नसतं.

काल मॅडमनं अर्धीच माशी खाल्ली. आज मान फिरवली, मी बराच वेळ चिमटा धरून बसले तेव्हा कुठे थोडी घेतली. तिला फार दिवस नाहीत, हे कुणी सांगायला नको. सुमेध पुण्याला परत गेला, रोज फोन करतो, तुझं जेवण झालं का विचारतो आणि मग तिचं विचारतो. मागच्या रविवारी मी विहारात गेले. पहिल्या शीलाला गप्प राहिले आणि बाकीची चार घेतली. शेजारच्या बाईनं या वेळी पाठीवर हात ठेवला नाही, नुसतं वळून बघितलं. ती विचारेल कधीतरी, मी सांगेन. मॅडम गेली की मी पाचही शीलं पहिल्यासारखी सगळ्यांबरोबर घेईन. मला त्याची मुळीच घाई नाही.